दिवाळीनंतर पेरा: बेळगाव भागात पॉपी लावताना

सुरुवात एका नकारापासून. दिवाळीत अनारशांसाठी खसखशीची पुडी घरात येते. पॉपी म्हणजे खसखशीचंच फूल, असं कुठेतरी वाचलेलं असतं आणि उरलेली चिमूटभर कुंडीत टाकून बघू, असं मनात येतं. टाकू नका. खसखस म्हणा की गसगसे, ती अफूच्या झाडाची बी आहे. बी खायला, विकायला हरकत नाही. ते झाड लावायला आहे. १९८५ च्या एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार परवान्याशिवाय अफूचं झाड लावणं गुन्हा आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. परवाने मिळतात ते मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातल्या ठरावीक पट्ट्यांतल्या शेतकऱ्यांना, तेही केंद्र सरकारच्या देखरेखीखाली. चार कुंड्या शोभेसाठी लावल्या होत्या, ही सबब चालून जाईल या भरवशावर कुणी राहू नये.

हे ठणकावून सांगायचं कारण असं की बियांच्या पाकिटावर बऱ्याचदा नुसतं ‘पॉपी मिक्स’ एवढंच छापलेलं असतं. शास्त्रीय नाव शोधा. ‘पापाव्हर सोम्निफेरम’ दिसलं तर पाकीट दुकानदाराला परत करा. ‘पिओनी पॉपी’, ‘ब्रेडसीड पॉपी’ ही गोंडस नावंही त्याच झाडाची. शास्त्रीय नावच नसेल तर ते पाकीट घेऊच नका. आणि कुणी हौसेनं दिलेलं रोप आधीच घरात आलं असेल तर पानं बघा. अफूची पानं निळसर राखाडी, कोबीच्या पानावर असते तशी मेणचट झाक असलेली, जवळजवळ गुळगुळीत आणि खोडाला बुडाशी मिठी मारून बसलेली असतात. आपल्याला हव्या असलेल्या रानपॉपीची पानं हिरवी, खोल कातरलेली आणि केसाळ, दांडाही केसाळ. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा चुकत नाही.

कोणती लावायची

आपल्याकडे तीन जमतात. पहिल्या वर्षी दोनच लावा.

‘पापाव्हर ऱ्होइअस’ म्हणजे युरोपातली तांबडी रानपॉपी. दीड ते अडीच फूट वाढते, आणि तिच्यापासून निवडलेली ‘शर्ली’ ही जात बियांच्या दुकानात सहज मिळते. इंग्लंडमधल्या शर्ली गावचे पाद्री विल्यम विल्क्स यांना १८८० मध्ये तांबड्या रानपॉपींत पांढऱ्या कडेचं एकच फूल दिसलं. त्याचं बी धरून ते वर्षानुवर्षं निवड करत राहिले आणि त्यातून गुलाबी, पांढऱ्या, शेंदरी छटांची ही जात उभी राहिली. खऱ्या शर्लीच्या फुलात मध्यभागी काळा ठिपका नसतो. पाकिटातल्या बियांतून काळ्या ठिपक्याची तांबडीलाल फुलं निघाली तर ती शर्ली नाही, मूळ रानपॉपी आहे. त्यात काही बिघडत नाही. माझ्या मते तर तीच जास्त देखणी.

दुसरी कॅलिफोर्निया पॉपी, म्हणजे ‘एशोल्झिया’. फूटभर उंची, बडीशेपेच्या पानांसारखी बारीक निळसर पानं, केशरी-पिवळी फुलं. पानं निळसर म्हणून घाबरू नका, ती इतकी बारीक चिरलेली असतात की अफूशी गल्लत होणार नाही. अथणी, रायबाग, कुडची अशा कोरड्या भागात राहणाऱ्यांनी हिच्यापासूनच सुरुवात करावी. ऊन सोसते, पाणी कमी मागते. फूल उन्हात उघडतं, संध्याकाळी आणि ढगाळ दिवशी मिटतं. दिवसभर ऑफिसात असणाऱ्यांनी हे लक्षात घेऊन लावावं, नाहीतर रविवारशिवाय फूल दिसायचं नाही.

तिसरी आइसलँड पॉपी. रंग फार गोड, पण नखरे खूप. थंडी लांबली तरच ती खरी रंगते. तिचं बघू पुढच्या वर्षी.

कधी

यातच निम्मं काम आहे. पॉपीचं बी थंड मातीत रुजतं. पंधरा ते अठरा अंशांच्या आसपास ते खूश असतं, माती पंचवीसच्या वर तापलेली असेल तर पडून राहतं किंवा कुजतं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर असल्यामुळे आपल्याला हिवाळा बरा मिळतो, पण गणपती झाले, पाऊस थांबला, आता पेरू, असं करून चालत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या उकाड्यात बी मरतं आणि उरलंसुरलं परतीच्या पावसात वाहून जातं.

सोपा हिशोब: दिवाळी ते तुळशीचं लग्न या दरम्यान पेरा. पहाटे अंगणात उभं राहिल्यावर अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटलं की माती तयार झाली असं समजा. शाळू पेरणारे शेतकरी त्याच्या थोडं आधी वाफशाकडे बघत असतात. फुलझाडवाल्यांनी थंडीकडे बघावं.

जिल्हा मोठा आहे, त्यामुळे सगळ्यांना एकच तारीख लागू होत नाही. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे पाऊस रेंगाळतो आणि जमीन ओली राहते. तिथे नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याआधी घाई नको. बेळगाव शहर, येळ्ळूर, हिंडलगा या पट्ट्यात नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा. निपाणी-संकेश्वरला साधारण तसंच. अथणीकडे मात्र उन्हाळा लवकर येतो, म्हणून तिथे ऑक्टोबर संपता संपता पेरून मोकळं व्हावं. पेरणीपासून फुलापर्यंत सत्तर ते नव्वद दिवस लागतात. म्हणजे संक्रांतीच्या मागेपुढे पहिली फुलं आणि शिमग्यापर्यंत बहर. मार्चच्या मध्यात पारा पस्तीसकडे सरकला की झाड आपणहून आटोपतं घेतं. डिसेंबर अखेरीस पेरलेली पॉपी म्हणूनच वीतभर वाढून दोन फुलं देते आणि वाळते.

पंधरा दिवसांच्या अंतरानं दोन हप्त्यांत पेरलंत तर बहर लांबतो. शिवाय नोव्हेंबरात बंगालच्या उपसागरात वादळ उठून इथे अवकाळी झड लागली, तर एक हप्ता तरी वाचतो.

माती

पॉपीला सुपीक माती लागत नाही. तिला निचरा लागतो आणि ऊन लागतं, दिवसाला किमान सहा तास. नारळीखाली, आंब्याखाली, घराच्या उत्तरेच्या भिंतीला लावून उपयोग नाही. दांडे लांबतात आणि लवंडतात.

आपल्याकडे खत घालण्याचा हात सैल असतो. शेणखताचा ढीग परड्यात असतोच, साखर कारखान्याची मळी ट्रॉलीनं मिळते, कुणाकडे कोंबडखत असतं. यातलं पॉपीला काय घालायचं? चौरस मीटरला पाटीभर चांगलं कुजलेलं शेणखत, संपलं. मळी नको, कोंबडखत नको, युरिया तर हाताला लागूच देऊ नका. नत्र जास्त झालं की पानांचा गड्डा कोबीएवढा होतो, दांडा मऊ राहतो, मावा हमखास येतो आणि फुलं उशिरा, मोजकी.

तांबड्या मातीवाल्यांचं काम सोपं आहे. बेळगाव-खानापूरकडची जांभी माती मुळात पाणी धरत नाही. फक्त ती आंबट असते आणि पॉपीला थोडी चुन्याकडे झुकणारी माती आवडते. चुलीतली लाकडाची राख, चौरस मीटरला दोन मुठी, पेरणीआधी पंधरा दिवस मातीत मिसळली की पुरे. राख नसेल तर मूठभर शेतीचा चुना. माती किती आंबट आहे हे नेमकं हवं असेल तर कृषी विज्ञान केंद्रात तपासून घ्या.

काळ्या मातीचं जरा निस्तरावं लागतं. चिकोडी, अथणी, बैलहोंगलकडची काळी माती ओली असताना चिखल आणि वाळली की भेगा. दोन्ही पॉपीच्या मुळाला मानवत नाही. जमिनीत खड्डा करून वाळू भरण्यात अर्थ नाही, त्या खड्ड्यात आजूबाजूचं पाणी येऊन साचतं. वर चढा. तीन-साडेतीन फूट रुंदीचा, सहा ते आठ इंच उंचीचा गादीवाफा करा आणि त्याच्या वरच्या थरात काळ्या मातीच्या निम्मी चाळलेली मुरमाड माती आणि वाळू मिसळा. राख-चुना इथे घालायची गरज नाही.

वाळूबद्दल एक सांगायला हवं. नदीची वाळू आता सहजासहजी मिळत नाही, बांधकामावर सगळीकडे एम-सँड, म्हणजे दगड भरडून केलेली वाळू. तिच्यात दगडाची भुकटी असते आणि पाणी पडलं की ती सिमेंटसारखी घट्ट बसते. एम-सँडच वापरायची तर चाळून, बादलीत दोन-तीनदा धुऊन, गढूळ पाणी ओतून देऊन मगच मिसळा.

वाफा तयार झाला की लगेच पेरू नका. एकदा भरपूर पाणी देऊन आठ-दहा दिवस तसाच सोडा. काँग्रेस गवत, तांदूळजा, जे काय मातीत दडलेलं असेल ते उगवून वर येईल. खुरप्यानं वरच्या वर खरवडून काढा, खोल खणू नका. खोल खणलंत की खालचं नवं तणाचं बी वर येतं. ही एक खुरपणी आधी केली की पुढच्या महिन्यात डोळे फोडून घ्यावे लागत नाहीत, कारण पॉपीचं रोप पहिले तीन आठवडे इतकं बारीक असतं की तणातून ते ओळखूच येत नाही. हराळी आणि लव्हाळा असेल तर मात्र गाठीसकट उपटावा लागेल, त्याला दुसरा उपाय नाही.

पेरणी

रानपॉपीचं बी किती बारीक? एका ग्रॅममध्ये दहा हजारांच्या घरात बसतं. पाकिटातली चिमूट एका वाफ्याला पुरून उरते. ते थेट हातानं टाकलं तर एका जागी दाटी आणि दुसरीकडे टक्कल, हे ठरलेलं.

निपाणी भागात हे कुणाला शिकवायला नको. तंबाखूचं बी असंच धुळीसारखं, आणि ते वाळू नाहीतर राखेत कालवून टाकायची रीत तिथे जुनी आहे. पॉपीलाही तेच करा: एक भाग बी, दहा ते वीस भाग कोरडी बारीक वाळू. वाटीत नीट मिसळा. वाळू फिकट रंगाची असेल तर आणखी एक फायदा, कुठे पडली ते मातीवर दिसतं. तंबाखू आणि पॉपीचं साम्य मात्र इथेच संपतं. तंबाखूचा तरवा उपटून शेतात लावतात. पॉपी उपटून लावता येत नाही. तिचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि ते एकदा दुखावलं की रोप आठवडाभर मान टाकून मग वाळतं. जिथे फुलायला हवी तिथेच पेरायची. नर्सरीत प्लास्टिकच्या पिशवीत गर्दीनं वाढलेली पॉपीची रोपं दिसली तर मोहात पडू नका.

क्रम असा. आदल्या संध्याकाळी वाफा चांगला भिजवून ठेवा. सकाळी वरची माती हातानं भुसभुशीत करून फळीनं सपाट करा. बोटानं फूटभर अंतरावर अगदी उथळ रेघा ओढा. ओळीत पेरलं की ओळीबाहेर उगवेल ते तण, एवढा हिशोब सोपा होतो. वाळू-बियांचं मिश्रण चिमटीनं रेघेत सोडत जा. शर्लीवर माती लोटू नका. या बियांना रुजायला उजेड लागतो. नुसती फळी ठेवून हलकं दाबा, म्हणजे बी मातीला चिकटतं. कॅलिफोर्निया पॉपीचं बी बरंच मोठं असतं, त्याच्यावर बाजरीच्या दाण्याच्या जाडीएवढी चाळलेली माती चालते.

उजेडाच्या या गरजेमुळेच पॉपी जगाच्या इतिहासात शिरली. बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं आणि माती उलथली गेली की उगवतं. पहिल्या महायुद्धात बेल्जियमकडच्या फ्लँडर्स भागातली शेतं तोफगोळ्यांनी नांगरली गेली आणि त्या मातीत तांबड्या पॉपी उठल्या. म्हणून ११ नोव्हेंबरला, ते युद्ध थांबलं त्या तारखेला, ब्रिटनमध्ये कोटावर पॉपी लावतात. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र ज्या गावात आहे तिथल्या लोकांना ही तारीख अगदीच परकी नसावी. पेरणीची आठवण ठेवायलाही ती सोयीची आहे.

पेरल्यावर झारीनं पाणी घातलंत तर सगळं बी वाहून वाफ्याच्या कडेला जमेल. फवाऱ्याची बाटली घ्या, नोझल अगदी बारीक करा, आणि वरचा थर ओलसर ठेवा. सकाळी एकदा, उन्हं कडक असतील तर दुपारनंतर आणखी एकदा. वाफ्यावर जुनी विरलेली पांढरी साडी काठ्यांवर ताणून बांधली तर तिच्यातून उजेड आत जातो, चिमण्यांना मात्र बी टिपता येत नाही आणि अचानक सर आली तरी थेंबांचा मार थेट बसत नाही. कोंब दिसले की साडी काढा. मुंग्यांची काळजी वेगळी घ्यावी लागते. बी तेलकट असतं, मुंग्या ते रांगेनं उचलून नेतात. वाफ्याच्या चहूबाजूंनी राखेची जाडसर रेघ ओढा आणि ती ओली झाली की बदला.

कुंडीत लावणाऱ्यांसाठी: उथळ ट्रे, बोन्साय कुंड्या उपयोगाच्या नाहीत, किमान दहा-बारा इंच खोली हवी. निम्मी तांबडी माती, पाव वाळू, पाव शेणखत. कोकोपीट शक्यतो नकोच, फार पाणी धरून ठेवतं. बारा इंची कुंडीत शेवटी तीनच रोपं ठेवायची, हे पेरतानाच मनाशी ठरवा. गच्चीवर लावणार असाल तर कठड्याच्या आडोशाला, कारण बेळगावचा वारा दीड फुटाच्या नाजूक दांड्याची गय करत नाही.

पहिला महिना

आठ ते पंधरा दिवसांत हिरवे केस उगवल्यासारखं काहीतरी दिसेल. त्यानंतर तीन आठवडे काहीच होत नाही. म्हणजे वर काही होत नाही. खाली मूळ उतरत असतं. नवख्या माणसाचा धीर नेमका इथे सुटतो. वाढ दिसत नाही म्हणून तो पाणी वाढवतो, मग एखादं टॉनिक फवारतो आणि चार दिवसांत रोपं मातीलगत काळी पडून आडवी होतात. ही मर बुरशीची असते आणि तिला आमंत्रण बहुतेक वेळा जास्तीच्या पाण्याचंच असतं. कोंब वर आल्यावर पाणी कमी करायचं, वाढवायचं नाही. वरची अर्धा इंच माती कोरडी झाल्याशिवाय पुन्हा देऊ नका. शेणखत घालतानाच त्यात ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) मिसळलेलं असेल तर आणखी बरं.

रोपाला चार-पाच खरी पानं आली की विरळणी. ही करायला हात धजत नाही, पण करावीच लागते. उपटू नका, शेजारच्याचं मूळ हलतं. घरातली छोटी कात्री घेऊन नको असलेली रोपं मातीलगत कापा. पहिल्या खेपेला दोन-दोन इंचांवर एक, पंधरा दिवसांनी दुसऱ्या खेपेला आठ-दहा इंचांवर एक. कॅलिफोर्निया पॉपीला सहा इंच पुरतात. दाट ठेवलेल्या पन्नास रोपांपेक्षा मोकळी दहा जास्त फुलतात; दहांपैकी प्रत्येकाला बुडातून सात-आठ फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीवर कळ्या येत राहतात.

दोन इंचांच्या टप्प्यावर वाफ्यात पिवळा धोत्राही दिसेल. तो पॉपीच्याच कुळातला, माळावर आणि रस्त्याच्या कडेला सगळीकडे माजलेला. त्याची रोपं लहानपणीच ओळखू येतात: पानाच्या शिरांवर पांढरट पट्टे आणि कडेला काटे, आणि तोडलं की पिवळा चीक. हातमोजे घालून काढा. त्याचं बी मोहरीत मिसळलं गेलं तर त्या तेलानं माणसं दगावतात, १९९८ मध्ये दिल्लीत तसं झालं होतं. त्यामुळे बी धरेपर्यंत तो ठेवायचा नाही.

डिसेंबरपासून

आता फारसं काम नाही. तांबड्या मातीत चार-पाच दिवसांनी, काळ्या मातीत आठवड्यानं पाणी. सकाळी, बुडाशी, पानांवर नाही. बोट मातीत दोन पेरं घालून बघा, ओल लागली तर परत फिरा. वरखत नको. कळ्या दिसू लागल्यावर फार वाटलंच तर एकदा राखेचं पाणी.

डिसेंबरअखेर दांडे वर येतात तेव्हा आधार द्या. बांबूच्या जाड काठ्या विजोड दिसतात. याच सुमाराला तूर काढलेली असते. तुराट्या मागून आणा आणि रोपांच्या मधे मधे उभ्या खोचा, फाटे वर. पॉपी त्यातूनच वाट काढत वाढते आणि पंधरा दिवसांत तुराट्या दिसेनाशा होतात. बांधायचं काहीच नाही.

ढगाळ हवा लागली की मावा येतो. आधी कळीच्या मानेपाशी बघा, तिथे हिरवे-काळे पुंजके असतात. थोडे असतील तर पाण्याची पिचकारी मारून पाडा. ढालकिडे दिसत असतील तर दोन दिवस थांबा, ते फडशा पाडतात. वाढतोच आहे असं दिसलं तर एक लिटर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि चार थेंब भांड्यांचा साबण, संध्याकाळी, मधमाश्या परतल्यावर. पानांवर पांढरी भुरी आली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम. मात्र तेल मारल्यावर किमान पंधरा दिवस गंधक नको, पानं करपतात. ओलसर परड्यात गोगलगाई असतात. रात्री बॅटरी घेऊन वेचणं, हाच उपाय मला खात्रीचा वाटतो.

फूल

कळी आधी मान खाली घालून असते. केसाळ, हिरवी, खालच्या दिशेला वळलेली. नवखे लोक पाणी कमी पडलं समजून घाबरतात, पण ती तशीच असायची. उमलण्याच्या आदल्या दिवशी तिची मान सरळ होते. सकाळी सातच्या सुमारास जवळ बसलात तर पुढचं दिसतं: कळीला उभी चीर पडते, आतला तांबडा रंग डोकावतो, दोन हिरवी टरफलं सुटून खाली पडतात आणि चार पाकळ्या चुरगळलेल्या रेशमासारख्या बाहेर येतात. अर्ध्या तासात त्यांच्या सुरकुत्या जातात. कॅलिफोर्निया पॉपीची गंमत वेगळी. तिच्या कळीवर टोकदार हिरवी टोपी असते आणि पाकळ्या ती अख्खीच वर ढकलून काढतात. मुलांना ही टोपी काढायला फार आवडतं, काढू द्या.

शर्लीचं फूल एक-दोन दिवस टिकतं. त्यात मध नसतो, पराग मात्र भरपूर, आणि माश्या तो पहाटेच लुटून नेतात. खानापूरकडे सातेरी माश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्यांनी जानेवारीत माशीच्या मागच्या पायांकडे बघावं: पिवळ्याऐवजी काळपट गोळ्या दिसल्या तर ती जवळपासच्या कुणाच्या तरी पॉपीवर जाऊन आली आहे.

पाकळ्या गळाल्या की बोंड लगेच कापा, देठासकट, खालच्या पानाच्या बेचक्यापर्यंत. बोंड धरू दिलंत की झाडाला वाटतं काम झालं, आणि कळ्या थांबतात. रोज सकाळी पाच मिनिटं हे काम केलं तर बहर पाच-सहा आठवडे चालतो. न केल्यास तीनच.

घरात फुलदाणीत लावायची असतील तर उमललेलं फूल तोडू नका, संध्याकाळपर्यंत पाकळ्या टेबलावर येतात. जिची मान सरळ झाली आहे आणि चिरेतून रंग दिसतो आहे अशी कळी पहाटे तोडा. देठाचं टोक काही सेकंद गॅसच्या ज्योतीवर धरा किंवा उकळत्या पाण्यात बुडवा. चीक बंद होतो आणि पाणी वर चढत राहतं. देवाला वाहायला हे फूल तितकंसं सोयीचं नाही, ताटात पोहोचेपर्यंत कोमेजतं. रानपॉपीत अफू नाही, तरी तिचा चीक पोटाला चांगला नाही. शेळ्या-वासरांना वाफ्यात सोडू नका आणि लहान मुलांना पानं चघळू देऊ नका.

बी धरणं

फेब्रुवारीच्या शेवटी बोंडं कापणं थांबवा आणि चांगल्या रंगाची आठ-दहा झाडं बियांसाठी राखा. एकच झाड राखून भागत नाही. रानपॉपीच्या फुलाला स्वतःचा पराग चालत नाही, शेजारच्या झाडाचा लागतो. एकट्या झाडाची बोंडं पोकळ राहतात. या परक्या परागामुळेच पुढच्या वर्षी रंग सरमिसळ होऊन येतात. पांढरीच हवी असेल तर बाकीच्या रंगांची झाडं उमलताक्षणी काढून टाकावी लागतील.

बोंड तपकिरी झालं आणि हलवल्यावर आत खुळखुळ वाजलं की तयार. वरच्या चकतीखाली बारीक खिडक्या उघडतात, त्यातून वाऱ्यानं बी उडतं. त्याआधी कागदी पिशवीत बोंड उलटं धरून देठ कापा. कॅलिफोर्निया पॉपीच्या लांब शेंगा उन्हात तडकून बी दूर फेकतात, म्हणून त्या पिवळसर असतानाच तोडून, झाकलेल्या पिशवीत वाळवाव्या लागतात.

बी चाळून, सावलीत आठवडाभर वाळवून कागदाच्या पुडीत घाला. पुडीवर जात, रंग, वर्ष लिहा. पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत मूठभर भाजलेले कोरडे तांदूळ, म्हणजे पावसाळ्यातली दमट हवा लागत नाही. डबा स्वयंपाकघरात ठेवू नका. रानपॉपीचं बी आणि खसखस एकाच घरात असताना पुड्यांची अदलाबदल दोन्ही बाजूंनी महागात पडेल.

वाफ्यात सांडलेलं बी तसंच राहू द्या. पावसाळ्यात तिथे झेंडू किंवा भेंडी घेतलीत तरी चालेल, फक्त पीक काढल्यावर जमीन खोल खणू नका. ऑक्टोबर सरताना हातानं वरवर हलवून एकदा पाणी द्या आणि खुरपं लावण्याआधी तीन आठवडे थांबा. उगवलेल्यांपैकी पांढऱ्या शिरांचा, काटेरी पिवळा धोत्रा आणि बाकीचं तण काढायचं; पॉपीची रोपं ठेवायची.